युद्धकैद्यांची पत्रं की सेन्सॉर झालेली पाकिटं?

दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय टपालापुरतं बोलू. नवख्या संग्राहकाची ओढाताण इथेच होते.

खर्चात सेन्सॉरची पाकिटं सरळ जिंकतात. १९३९ ते १९४५ या काळात सेन्सॉरनं, म्हणजे सरकारी तपासनिसानं, परदेशी टपाल उघडून वाचणं नेहमीचंच होतं, त्यामुळे मुंबईहून गेलेली पाकिटं आजही भरपूर मिळतात. कैद्यांची पत्रं कमी आणि महाग. 'दुर्मिळ' या विक्रेत्याच्या शब्दावर मात्र जाऊ नका.

मजकुरात उलटं. पाकीट बहुधा रिकामं असतं. कैद्याच्या कार्डावर त्याचं स्वतःचं अक्षर दिसतं. ब्रिटिशांनी पकडून भारतात ठेवलेल्या इटालियन सैनिकानं योल (आज हिमाचल प्रदेशात) किंवा भोपाळच्या छावणीतून घरी लिहिलेलं कार्ड घ्या: युद्धकैद्यांबद्दलच्या १९२९ च्या जिनिव्हा करारामुळे टपालखर्च माफ, म्हणून तिकीटच नाही. छावणी, तपासणी, तारीख, सगळं शिक्क्यांवरून लावायचं. इटालियन वाचता आलं तर मजा वेगळीच!

खोटेपणाची भीती दोन्हीकडे आहे. साध्या जुन्या पाकिटावर सेन्सॉरचा शिक्का मारणं फार सोपं. उघडलेलं पाकीट पुन्हा बंद करायची सेन्सॉरची कागदी पट्टी चिकटवलेली असेल तर तिच्याखाली पाकीट खरंच फाडलंय का, ते पाहा.

जपणूक सारखीच: आम्लमुक्त कागद, सेलोटेप नको.

थोड्या पैशात टपालाचे मार्ग आणि शिक्के शिकायचे असतील, तर सेन्सॉर. एकेका पत्रावर महिनाभर बसायची तयारी असेल, तर कैद्यांची पत्रं.