एक्सफॅट, ईएक्सटी४, फॅट३२: रेट्रो कन्सोलच्या कार्डानं खाल्लेलं डोकं

जुने व्हिडिओ गेम चालवणाऱ्या हातातल्या कन्सोलबद्दल नवं काही सांगत नाही. साडेतीन इंची पडदा, कार्डाच्या दोन खाचा, प्लेस्टेशन वनपर्यंत सगळं बिनघोर चालतं आणि त्याच्या पुढं दम लागतो, हे तुम्ही दहा ठिकाणी वाचलं असणार. सोबत आलेलं बिननावाचं कार्ड लवकरच गेलं. ते सगळ्यांचंच जातं. मी लिहितोय ते त्यानंतर पदरचे साडेसहाशे रुपये घालून घेतलेल्या ६४ जीबीच्या कार्डाबद्दल, आणि त्यावर कुठली फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत, ठेवायची या एका प्रश्नाबद्दल. कन्सोल घेताना हा प्रश्न कुणी विचारत नाही. सेव्ह, म्हणजे गेम कुठवर आला त्याच्या नोंदी, उडाले की मग सगळे विचारतात.

आमचं असंच झालं. चिरंजीव सहावीत आहेत. जेवायला हाक आली की ते गेममधून बाहेर पडत नाहीत, पॉवरचं बटण दाबून धरतात. पडदा काळा झाला की पानावर हजर. एकदा असा बंद केल्यावर दुसऱ्या दिवसापासून कार्डावर काही लिहिलंच जाईना. गेम उघडत होते, छान चालत होते. गेमच्या आतून सेव्ह केलं की गेम म्हणायचा, झालं सेव्ह. परत उघडलं की गाडी आदल्या दिवसाच्या जागी. पोरानं घर डोक्यावर घेतलं. खालच्या डाव्या कोपऱ्यात पिवळ्या बारीक अक्षरांत एक ओळ यायची आणि वाचेपर्यंत जायची. शेवटी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि थांबवून वाचला, तेव्हा कळलं की स्टेट सेव्ह होत नाही असं ती बिचारी रोज सांगत होती.

कारण सरळ आहे. ३२ जीबीच्या वरची कार्डं एसडीएक्ससी या प्रकारात येतात आणि त्या प्रकाराची ठरलेली फाइल सिस्टिम एक्सफॅट. म्हणजे कार्ड कारखान्यातूनच एक्सफॅट होऊन येतं. कन्सोलच्या आत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. लिनक्सच्या ड्रायव्हरला एक्सफॅटच्या नोंदींत विसंगती सापडली की तो आणखी घोळ नको म्हणून कार्ड ‘फक्त वाचा’ अवस्थेत टाकतो. धोरण म्हणून हे योग्यच आहे. पण कन्सोलनं ते पडद्यावर ठळक सांगायला नको? बॅटरी पंधरा टक्के झाली की लाल दिवा लावता, आणि कार्ड लिहिणं बंद झालं तर मिठाची गुळणी.

कार्ड घेऊन राजारामपुरीतल्या दुकानात गेलो. दुकानदारानं ते स्वतःच्या संगणकाला लावलं, विंडोजनं ‘स्कॅन करून दुरुस्त करू का’ विचारलं, त्यानं हो म्हटलं. कार्डावर फाउंड.००० नावाचा फोल्डर तयार झाला आणि कार्ड माझ्या हातात परत आलं. “साहेब, कार्ड ठणठणीत आहे.” मी म्हटलं, अहो, मग सेव्ह कुठं गेले? “ते गेमवाल्याला विचारा. आणि तुम्ही फॉरमॅट मारला असेल तर वॉरंटी नाही हं.” मी फॉरमॅट मारलेला नव्हता, आणि मारला असता तरी मेमरी कार्डाची वॉरंटी फॉरमॅटनं कशी जाते हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही. घरी येऊन एफ३ नावाच्या कार्ड तपासायच्या प्रोग्रॅमनं पूर्ण कार्ड भरून आणि वाचून तपासलं. एकही बाइट खराब नाही. कार्ड ठणठणीत होतं ते होतंच. पण त्या दुकानात परत पाय ठेवणार नाही.

आता माझ्या लाडक्या दुखण्याकडं येतो.

कार्ड तपासताना लक्षात आलं की फाइलींची बेरीज आणि कार्डावर व्यापलेली जागा जुळत नाही. मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत हिशेब बघतो. बेरीज जुळली नाही की मला झोप येत नाही. ६४ जीबीचे ५९.६ दिसतात ते ठाऊक होतं. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १,०२४ नं, त्यात लबाडी नाही. ही तफावत वेगळी होती. ३२ जीबीच्या वरचं कार्ड विंडोजवर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलं तर क्लस्टर, म्हणजे जागा वाटायचा सगळ्यात लहान तुकडा, मुळात १२८ केबीचा असतो, आणि माझ्या कार्डावरही तोच होता. फाइल कितीही लहान असो, कमीत कमी एक क्लस्टर ती अडवणारच. गेमच्या यादीत शेजारी डब्याचं चित्र दिसतं ना, ते चित्र वीसेक केबीचं. त्यासाठी १२८ केबी. एका पोत्यासाठी अख्खी वडाप ठरवल्यासारखं हे. चित्रं सहाएक हजार. म्हणजे प्रत्येकी १०८ केबी वाया, एकूण सव्वासहाशे एमबीच्या वर. गेम बॉयचे सेव्ह तर ८ केबी, ३२ केबीचे. त्यांचीही तीच तऱ्हा.

बायकोला हे उत्साहानं सांगितलं. तिनं विचारलं, “कार्ड केवढ्याचं?” साडेसहाशे. “त्यातला किती भाग?” एक टक्का. “म्हणजे साडेसहा रुपये. एवढ्यात कटवडा तरी येतो का?” येत नाही. पण प्रश्न साडेसहा रुपयांचा नाही. पैसे मोजून घेतलेल्या जागेत हवा भरून ठेवायची, हे मला पटत नाही.

म्हणून ईएक्सटी४. ४ केबीचा ब्लॉक, वर जर्नल, म्हणजे बदल करण्याआधी त्याची नोंद आधी वेगळी लिहून ठेवायची सोय. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी ती नोंद बघून फाइल सिस्टिम स्वतःला सावरते. २००८ पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, पक्की बसलेली आहे. स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा संगणकसुद्धा त्याच्या कार्डाला ईएक्सटी४ च करतो. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, त्यावर फॉरमॅट केला, सगळं परत भरलं, चित्रांच्या फोल्डरचा आकार बघितला आणि समाधान वाटलं. मग मोकळी जागा बघितली.

तीन जीबी गायब.

ईएक्सटी४ फॉरमॅट करताना मुळात पाच टक्के जागा रूट, म्हणजे सिस्टिमच्या सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी राखून ठेवली जाते. सिस्टिमच्या डिस्कवर त्याला अर्थ आहे. डिस्क गच्च भरली तरी यंत्रणा चालू राहावी म्हणून. पण मारिओच्या कार्डावर रूट येऊन काय करणार? ५९.६ चे पाच टक्के म्हणजे जवळजवळ तीन जीबी. साडेसहा रुपये वाचवायला गेलो आणि बत्तीस रुपये राखीव. हे ट्यून२एफएस नावाच्या आज्ञेनं शून्य करता येतं, डेटा पुसावा लागत नाही, आणि स्टीम डेक फॉरमॅट करतानाच ते शून्य ठेवतो. तुम्ही ईएक्सटी४ करणार असाल तर पहिलं काम हे करा. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल.

त्यानंतर मात्र ईएक्सटी४ वर बरेच दिवस सुखात गेले. एकच कटकट आली. माझ्या जुन्या सीडींवरून काढलेल्या काही प्लेस्टेशन गेमच्या क्यू फाइलीत (सीडीची मांडणी सांगणारी छोटी फाइल) बिन फाइलचं (सीडीतला खरा डेटा) नाव मोठ्या लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत होतं आणि प्रत्यक्ष फाइल लहान अक्षरांत. फॅट आणि एक्सफॅटला मोठं-लहान अक्षर एकच. ईएक्सटी४ ला ती दोन वेगळी नावं. एक्सफॅटवर चालणारा गेम इथं काळा पडदा दाखवून परत यादीत. डिस्क खराब झाली असं वाटून लोक फाइली टाकून देतात. त्याआधी क्यू फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून नाव जुळवून बघा. ईएक्सटी४ मध्ये अक्षरभेद न मानण्याची केसफोल्ड नावाची सोय २०१९ पासून आहे, स्टीम डेक तीही वापरतो, पण माझ्या कन्सोलचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, ती ओळखत नाही. सगळ्यावर कडी म्हणजे हे गेम सीएचडी या एकाच दाबून बसवलेल्या फाइलीत बदलले की क्यूचं झंझटच संपतं आणि जागाही वाचते. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर लिहिण्याचा हा परिच्छेद वाचला असता.

मग दिवाळीला भाचा आला. इचलकरंजीचा, बाबांचा विंडोज लॅपटॉप घेऊन. कन्सोलमधलं कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं, आणि आतल्या खोलीतून हाक: “मामा, हे म्हणतंय आधी फॉरमॅट करा, करू?” मी उठून दारापर्यंत पोचेतो केलेलं होतं. खटक्यावर बोट, जाग्यावर पल्टी. त्याची चूक नाही. विंडोजला ईएक्सटी४ वाचता येत नाही, आणि वाचता येत नाही म्हणून गप्प बसायचं सोडून ते फॉरमॅटची खिडकी समोर धरतं, त्यात बटणही तयार ठेवतं. सेव्हची प्रत लॅपटॉपवर होती म्हणून मामा-भाच्याचं नातं टिकलं. पण जे कार्ड घरातला कुणीही कुठल्याही संगणकाला लावणार आहे, त्यावर ईएक्सटी४ ठेवणं म्हणजे रोजचा धोका, हे माझं तेव्हापासूनचं मत.

इथं एक्सफॅटवरचा अर्धा आरोप मागे घ्यायला हवा. ईएक्सटी४ वर असतानाही, जर्नल असतानाही, पोरानं बटण दाबून बंद केलेल्या गेमचे सेव्ह अधूनमधून जातच होते. कार्ड निरोगी, सेव्ह जुना. मग रेट्रोआर्क, म्हणजे कन्सोलवर हे गेम चालवणारा प्रोग्रॅम, त्याची सेटिंग बघत बसलो. गेमच्या आतून तुम्ही सेव्ह करता तेव्हा तो सेव्ह आधी एम्युलेटरच्या, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेमरीतच राहतो. कार्डावरची फाइल लिहिली जाते ती गेममधून नीट बाहेर पडताना. मधल्या काळात ठराविक सेकंदांनी लिहायचा पर्याय आहे, सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटर्व्हल, आणि रेट्रोआर्कमध्ये तो मुळात बंद असतो. म्हणजे पोरगं बटण दाबतं तेव्हा सेव्ह कार्डापर्यंत पोचलेलाच नसतो. जे लिहिलंच नाही ते कुठलं जर्नल वाचवणार? आणि तसंही जर्नल राखतं ते फाइल सिस्टिमची मांडणी, तुमच्या फाइलीतला मजकूर नव्हे. तो पर्याय दहा सेकंदांवर ठेवला आणि घरातली रडारड थांबली. फाइल सिस्टिमवरून वाद घालणाऱ्या निम्म्या लोकांचं औषध हेच असावं असा माझा दाट संशय आहे.

सध्या कार्ड फॅट३२ आहे. होय, १९९६ ची, विंडोज ९५ च्या काळातली. चार जीबीच्या वरची फाइल ठेवता येत नाही म्हणून सगळे तिच्या नावानं बोटं मोडतात. पण या कन्सोलवर चार जीबीची फाइल आणायची कुठून? प्लेस्टेशन वनची सीडीच आठशे एमबीच्या आत. चार डिस्कचा गेम असला तरी चार वेगळ्या फाइली. पीएस२, म्हणजे प्लेस्टेशन टू, चालवणारं महागडं यंत्र असेल तर डीव्हीडीची फाइल चार जीबीच्या वर जाऊ शकते, तिथं फॅट३२ चालणार नाही, तुम्ही पुढचं वाचू नका. उलट मियू मिनी प्लस या कन्सोलवर ओनियन हे फर्मवेअर घालणाऱ्यांना निवडच नाही, तिथं फॅट३२ च लागतं.

विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२ हा पर्याय वर्षानुवर्षं दिसत नव्हता, त्यामुळं ते शक्यच नाही असा समज आहे. ती मर्यादा त्या खिडकीची, फॅट३२ ची नाही. रुफस नावाच्या प्रोग्रॅमनं होतं, लिनक्सवर तर एका ओळीत होतं. क्लस्टर ३२ केबीचा ठेवला. सहा हजार चित्रांमागे वाया जाणारी जागा सत्तर एमबीवर आली. फाइल कुठं आहे ते सांगणारा फॅटचा तक्ता दोन प्रतींत असतो. ६४ जीबीला दोन्ही मिळून जेमतेम सोळा एमबी. एक्सफॅटमध्ये एरवी एकच प्रत.

क्लस्टरचंच दुखणं असेल तर एक्सफॅटही ३२ केबीनं फॉरमॅट करता येतो, बरोबर. पण एक्सफॅट लिनक्सच्या कर्नलमध्ये धड आली ती २०२० साली, ५.७ मध्ये, स्वस्त कन्सोलांत त्याहून जुनी कर्नलं सर्रास सापडतात. आणि माझं फर्मवेअर चालू होताना फॅट३२ चं कार्ड तपासून दुरुस्त करतं, एक्सफॅटची दुरुस्ती त्यात नाहीच. जर्नल फॅट३२ लाही नाही, बटण दाबून बंद केलं तर इथंही गडबड होते. फरक एवढाच की दुसऱ्या दिवशी कार्डावर एफएससीके०००० अशा नावाची एखादी भटकी फाइल पडलेली दिसते आणि कन्सोल लिहायला तयार असतो. ऑफिसच्या संगणकाला, भाच्याच्या लॅपटॉपला, टीव्हीला, कशालाही लावा, उघडतं. फॉरमॅट करू का असं कुणी विचारत नाही.

एफ२एफएस ही फाइल सिस्टिम का नाही, हे विचारणारे येतीलच. सॅमसंगनं खास फ्लॅश मेमरीसाठी, म्हणजे अशा कार्डांसाठी, केलेली, २०१३ पासून लिनक्समध्ये आहे, कागदावर सगळ्यात योग्य तीच. पण माझ्या फर्मवेअरच्या यादीत ती नाही. त्यासाठी फर्मवेअर बदलायचं, वेगळं कार्ड आणायचं, सगळं परत भरायचं. मार्चअखेर होईस्तोवर मी त्यातलं काही करत नाही, आणि दुसरं कार्ड तर मुळीच घेत नाही.