केन्सिंग्टन पलटणीचे काचचित्र: प्रत घ्यायची तर कॅनव्हासवर नको

ब्रिटिश चित्रकार एरिक केनिंग्टनच्या ‘द केन्सिंग्टन्स अ‍ॅट लव्हांती’ (1915) या, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या लंडनच्या केन्सिंग्टन पलटणीच्या तैलचित्राची प्रत घरी लावायची असेल, तर कॅनव्हासचा पर्याय आधी वगळा. मूळ चित्र कापडावर नाहीच. ते काचेच्या मागून रंगवलेले आहे, त्यामुळे छपाईत उमटणारी कापडाची वीण इथे निव्वळ खोटी दिसते.

आपल्या जुन्या वाड्यांतल्या काचचित्रांची रीतही हीच. यात सगळा क्रम उलटा असतो: डोळ्यांतली चमक, बटणे, दाढीचे खुंट आधी, मग कातडीचा रंग आणि पार्श्वभूमी शेवटी. पहिला हात चुकला तर वरून रंग चढवून झाकता येत नाही, कारण बघणाऱ्याला पहिलाच थर दिसतो. खरवडण्यावाचून इलाज नाही. त्यात डावे-उजवेही उलटे! एवढ्या अटी पाळून खंदकातून परतलेले, थकून गेलेले नऊ जण केनिंग्टनने उभे केले. मागे गडद कानटोपीतला आहे तो स्वतः; तोही याच पलटणीतला शिपाई, जानेवारी 1915 मध्ये जखमी झालेला.

मूळ चित्र लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे. रुंदी 152.4 सेंमी, उंची 139.7, म्हणजे प्रमाण 12:11, जवळजवळ चौकोनीच. ए3 किंवा 12×18 इंचाच्या तयार फ्रेमला ते बसत नाही. दुकानदार बसवून देतो तेव्हा वरून-खालून कापूनच. समोर जमिनीवर आडवा पडलेला जवान पूर्ण दिसला पाहिजे, नाहीतर चित्राचा अर्धा जीव गेला. 60×55 सेंमी सांगा आणि फाइल रुंदीला किमान 4,700 पिक्सेलची आहे का ते विचारा.

सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे 3 मिमी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या मागे चिकटवलेला फोटोप्रिंट. रंग पृष्ठभागाच्या आत असल्यासारखा दिसतो, मुळात आहे तसाच. वजन सव्वा किलोच्या आत. खोट दोन ठिकाणी निघते. चिकटवताना धूळ किंवा बुडबुडा अडकला तर नंतर काढता येत नाही. प्रत उजेडात तिरपी धरून पाहा आणि दिसला तर तिथेच परत करा. दुसरी म्हणजे अ‍ॅक्रिलिकवर लवकर चरे पडतात, आणि अमोनिया किंवा स्पिरिट असलेल्या काच-क्लीनरने ते धुरकटते. ओले मऊ कापड पुरे.

खिडकीसमोरची भिंत मात्र टाळा. काचेमागे सावल्यांचा भाग बराच आहे, त्यात शिपायांऐवजी तुमचाच चेहरा दिसेल.