तयार किट की सुटं सामान? उजनीवर नव्यानं गळ टाकणाऱ्यांसाठी

पाऊस ओसरला, उजनी शंभर टक्क्यांच्या वर गेली आणि भीमेत सोडलेलं पाणी आटोक्यात आलं, की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, "काका, दांडी-रीळ घेतलं. आता बाकीच्या सामानाचं काय? ऑनलाइन अख्खा डबाच मिळतोय, तोच मागवू का?" दांडी-रीळ कोणतं घ्यावं यावर बोलणारे पुष्कळ भेटतात. डब्यात काय असावं यावर मात्र कोणी नीट सांगत नाही, आणि नवा माणूस कंटाळून गळ माळ्यावर टाकतो तो बऱ्याचदा डब्यापायीच. मी दोन्ही वापरलंय. आधी तयार किट, नंतर एकेक करून जमवलेलं सुटं सामान. आता माझ्या पिशवीत त्यातलं एकच असतं. पण किटची बाजूही खोटी नाही, म्हणून आधी तीच मांडतो.

किट घेतलं की सुरुवात होते, हा त्याचा मोठा गुण. शंभर-दीडशे नग, खणाखणांचा पारदर्शक डबा, सगळं दारात येतं. सुटं जमवायचं म्हटलं तर सोलापुरात मला तरी सगळं एका दुकानात मिळालेलं नाही. गळ एकीकडे, शिसं दुसरीकडे, बाकीचं टेंभुर्णी-भिगवणकडे जाणाऱ्या कुणाला तरी आणायला सांगायचं. नोकरी करून रविवार साधणाऱ्याला ही पायपीट जड जाते. शिवाय किटमधल्या काही वस्तू खरोखर चांगल्या असतात. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, पिळ खाऊ नये म्हणून लावायच्या फिरक्या, म्हणजे स्विव्हल, आणि चिमटून बसवायचे शिशाचे दाणे मापाप्रमाणे वेगवेगळे लावलेले मिळतात. माझ्या जुन्या किटमधल्या फिरक्या मी अजून वापरतो. घरात दहा-बारा वर्षांचं पोर असेल आणि वाढदिवसाला द्यायचं असेल, तर खण उघडून एकेक वस्तू बघण्यात त्याला जो आनंद होतो तो सुट्या पुड्यांत नाही, हेही कबूल.

अडचण सुरू होते ती आपलं पाणी आणि आपला मासा डोळ्यासमोर आणला की. माझ्या बघण्यातली बहुतेक किटं अमेरिकेतल्या तळ्यांतल्या बास नावाच्या माशासाठी जुळवलेली असतात. रबरी अळ्या, रबरी बेडूक, चकाकणारे चमचे, तीन तोंडांचे गळ अडकवलेले प्लॅस्टिकचे मासे. उजनीत किंवा सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावात आपण टाकतो कशासाठी? चिलापी, रोहू, कटला, मृगळ, नशीब असेल तर शिंगाळा, आणि कडेच्या गवतात मरळ. यातली मरळ सोडली तर बाकीच्यांना त्या रबरी अळीचं फारसं काही पडलेलं नसतं. चिलापी मूळ आफ्रिकेतला, 1952 साली भारतात आणलेला मासा, पण आता तो इथला इतका झालाय की नव्या माणसाच्या गळाला पहिल्यांदा बहुधा तोच लागतो. त्याचं तोंड लहान. त्याला आठ किंवा दहा नंबरचा गळ आणि गांडुळाचा तुकडा पुरतो. रोहू-मृगळाला कणीक-पेंडीचा गोळा आणि चार ते सहा नंबर. (नवख्यांचा इथे घोटाळा होतो: आकडा वाढला की गळ लहान होत जातो, आणि एकच्या पुढे 1/0, 2/0 असं सुरू झालं की उलट मोठा.) किटमध्ये हे लहान गळ असतात, पण मूठभर. आणि ते संपले की बाकीचे शंभर नग नुसते बघायचे.

तीन तोंडांच्या गळाबद्दलही सांगायला हवं. उजनीची एकूण साठवण 117 टीएमसी, त्यातला जवळपास 64 टीएमसी मृतसाठा. म्हणून धरण ‘मायनस’मध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या पातळीखाली, गेल्याची बातमी आली तरी बॅकवॉटरला पाणी असतंच आणि गळही चालतो. फक्त पाणी उतरलं की जुन्या बाभळींची खोडं आणि बुडालेल्या बांधांचे दगड पाण्याच्या जवळ येतात. एकेका ठिकाणी जलपर्णी तर बाराही महिने. तिथे तीन तोंडांचा गळ टाकला की तो मासा सोडून सगळं धरतो. एकेरी गळ निदान ओढून-ताणून सुटतो.

तरीही एवढ्यासाठी मी किट सोडलं नसतं. नको ते बाजूला ठेवून हवं ते वापरता येतं, आणि बरेच जण तसं करतातही. माझा निर्णय झाला तो उन्हाळ्यामुळे.

सोलापूरचा एप्रिल-मे सांगायला नको. पारा चाळिशी ओलांडतो तो खाली यायचं नाव घेत नाही, आणि उन्हात उभ्या मोटारसायकलच्या डिकीत काय होत असेल ते वेगळंच. त्या रबरी अळ्या मऊ राहाव्यात म्हणून त्यांच्यात तेलासारखं एक रसायन घातलेलं असतं. ते हळूहळू बाहेर झिरपतं, उष्णतेत जास्तच. आणि डबा जर काचेसारखा स्वच्छ, कडक, टिचणाऱ्या प्लॅस्टिकचा म्हणजे पॉलिस्टायरिनचा असेल, तर ते रसायन डब्यालाच विरघळवतं. खणाचं बूड मऊ पडतं, अळी त्यात रुतून बसते, लाल अळीचा रंग पांढऱ्या बेडकाला लागतो, आणि सगळ्याचा मिळून चिकट लगदा होतो. मी मेच्या एका पहाटे उजनीच्या काठावर डबा उघडला तेव्हा हेच झालेलं होतं. झुंजुमुंजू झालेलं, कडेला चिलापीचे बुडबुडे दिसतायत, आणि मला हवाय एक आठ नंबरचा गळ. तो काढायला गेलो तर त्याच्याबरोबर पाच-सहा गळांची माळच वर आली. प्रत्येकाच्या नेढ्यात तो चिकट लगदा भरलेला, तंगूस ओवायला जागा नाही. काडीनं कोरून एक मोकळा केला तोवर बोटं बरबटली. त्याच बोटांनी मग कणीक मळायची. त्या तेलाचा वास साबणानंही लवकर जात नाही, आणि रोहू-मृगळ वासावर येणारे मासे. त्या दिवशी गोळ्याला कोणी तोंड लावलं नाही. दुसरं काही कारण असेलही, पाण्यात काय चाललंय ते कोण सांगणार. पण माझ्या मनात ते बसलं ते बसलंच.

माहितीतले जे कोणी थंड देशांत राहतात त्यांना हा त्रास सांगितला तर खरा वाटत नाही. तिकडे गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरणाऱ्यांची तक्रार उलटी असते: ओले गळ डब्यातच गोठतात आणि एकमेकांना चिकटतात. तिथे हातमोजे घालूनही उघडता येईल असा डबा हवा असतो. म्हणजे डबा कसा हवा हे हवामानावर ठरतं, आणि तयार किट भरणाऱ्याच्या डोळ्यासमोर आपलं हवामान नसतं, एवढंच माझं म्हणणं.

किट घेतलंच असेल तर उपाय आहे. डबा उलटा करून बुडाचा त्रिकोण बघा. आत 6 असेल तर ते पॉलिस्टायरिन, रबरी आमिषं त्यात ठेवूच नका. 5 असेल तर पॉलिप्रॉपिलीन, ते टिकतं. रबरी वस्तू त्यांच्या मूळ पिशवीतच राहू द्या, एका पिशवीत एकच रंग. आणि डबा डिकीत विसरू नका.

आता सुटं सामान. बॅकवॉटरला एका भोईमामांनी त्यांचा डबा मला दाखवला होता. तंबाखूचा जुना पत्र्याचा डबा, आत रबरी चपलेचा कापलेला तुकडा, त्यात गळ ओळीनं टोचलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत. झाकणाच्या आतल्या बाजूला शिशाची पट्टी गुंडाळलेली. मी म्हटलं, "मामा, गंज नाही का धरत?" तर म्हणाले, "वल्ला गळ आत ठिवायचाच न्हाय. उन्हात वाळवायचा, मगच टोचायचा." मी ती रीत उचलली, फक्त पत्र्याऐवजी दुधी रंगाचा प्लॅस्टिकचा डबा घेतला, कारण पत्रा तापला की हात लावता येत नाही.

माझ्या डब्यात असतं ते असं. आठ आणि दहा नंबरचे गळ भरपूर, कारण बाभळीच्या खोडांना द्यावेच लागतात. चार आणि सहाचे त्याहून कमी. मरळीसाठी एक पोकळ रबरी बेडूक, त्याच्याच पिशवीत. त्याचे दोन गळ पाठीला टेकलेले असल्यामुळे तो जलपर्णीवरून घसरत येतो, अडकत नाही. शिशाचे दाणे, फिरक्या, तीन-चार फ्लोट, म्हणजे तंगुसावर लावायचे तरंगते बोये. फ्लोटवर कंजुषी करू नये असं माझं मत. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. फ्लोट वर-खाली सरकवला की त्याच सामानात तिन्ही जमतात. सुटा तंगूस 0.30 मिलिमीटरच्या आसपासचा. एक लांब नाकाची पक्कड आणि नेलकटर. पक्कड विसरली तर शिंगाळ्याच्या तोंडातून गळ काढताना त्याचा काटा हातात घुसतो, आणि तो ठणका दिवसभर राहतो. मासा धरायला ओला टॉवेल. तो आपल्या गावात कुठला घ्यायचा हे सोलापूरकराला सांगायची गरज नाही.

आमिष डब्यात नाही, वेगळ्या डब्यात. तेलघाण्यावरची शेंगदाण्याची पेंड, थोडी कणीक, पाणी कमी. पेंड ताजी असली की वास चांगला येतो, आणि इथे ती मिळवायला लांब जावं लागत नाही.

याची वाईट बाजू अशी की पहिला महिना-दोन महिने काहीतरी कमी पडतंच. काठावर पोहोचल्यावर कळतं की शिसं संपलंय. दुकानदारही नेहमी समजून घेतो असं नाही. नंबर सांगितला तर पुडीतून भलताच गळ निघतो, म्हणून मी आता जुना गळ बरोबर नेऊन तसाच मागतो. खर्चाचं म्हणाल तर सुरुवातीला दोन्हीकडे साधारण सारखाच पडला. पुढे सुट्याचा कमी, कारण संपेल तेवढंच भरायचं.

दोन गोष्टी मात्र डबा कोणताही असो, पाळाव्यात. शिशाचा दाणा दातांनी दाबायचा नाही, पक्कडीनं दाबायचा. जुने लोक दातांनी दाबतात, त्यांचं बघून पोरं करतात. शिसं पोटात जाणं चांगलं नाही. दुसरं, तुटलेल्या तंगुसासाठी डब्यात एक छोटी पिशवी ठेवा. हिवाळ्यात बॅकवॉटरला रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात, इतर पाणपक्षी येतात, आणि काठावर टाकलेला तंगूस त्यांच्या पायात गुंततो. तो वर्षानुवर्षं कुजत नाही. मी दर वेळी स्वतःचा आणि सापडेल तेवढा दुसऱ्याचाही गोळा करून आणतो, तुम्हीही आणा ही मनापासून विनंती. आणि जिथे बसणार तिथल्या मच्छीमार संस्थेला किंवा ठेकेदाराला आधी विचारा. तलाव ठेक्यानं दिलेले असतात, न विचारता बसणं त्यांच्या पोटावर येतं. पावसाळ्यात मरळ पिल्लं राखत असते, पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा दिसला की तिथे बेडूक टाकू नका. राखणारी मरळ गेली तर पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात.

तर कोणतं घ्यायचं? वर्षातून एकदोनदा सहकुटुंब हिप्परग्याला जायचं असेल, गळ हे निमित्त आणि डबा घरात सावलीला राहणार असेल, तर किट घ्या, निभेल. 1871 पासूनचा तो तलाव, संध्याकाळी काठावर बरं वाटतं, आणि एवढ्यासाठी सामान जमवत बसण्यात अर्थ नाही. पण उन्हाळ्यातही जाणार असाल, गाडीच्या डिकीतच डबा ठेवणार असाल आणि मासा खरोखर लागावा अशी इच्छा असेल, तर मी सुट्याकडे झुकेन. आधी फक्त आठ नंबरचे गळ, शिशाचे दाणे, दोन फ्लोट, फिरक्या आणि पक्कड एवढंच घ्या. चिलापी लागायला लागला की रोहूचे गळ भरा. बेडूक सगळ्यात शेवटी.