'लॉर्ना डून' : संक्षिप्त वाचलेल्यांचे मत आणि पूर्ण वाचलेल्यांचे मत

आर. डी. ब्लॅकमोर यांची 'लॉर्ना डून' ही इंग्रजी कादंबरी आमच्या वाचनगटाने नुकतीच दोन महिने लावून वाचली. एकाच पुस्तकावर इतकी टोकाची मते का पडावीत, याचा उलगडा दुसऱ्या बैठकीच्या शेवटी झाला. ज्यांना ती 'शूर नायक, सुंदर नायिका, दुष्ट खलनायक' अशा ठरावीक साच्यातली वाटली, त्या चौघांनी बाजारात मिळणारी दीडशे-दोनशे पानांची संक्षिप्त आवृत्ती वाचली होती. आणि ज्यांना ती आवडली, निदान सोडवेना, त्या पाच जणांनी पंचाहत्तर प्रकरणांचा मूळ ग्रंथ वाचला होता. मी स्वतः शाळेत असताना संक्षिप्त पुस्तक वाचून हातावेगळे केले होते, त्यामुळे दोन्ही पक्षांची बाजू मला मांडता येते.

कथानक थोडक्यात असे आहे. काळ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, स्थळ इंग्लंडमधील सॉमरसेट आणि डेव्हन यांच्या सीमेवरचा एक्समूरचा माळ. जॉन रिड हा ओअर गावातला, स्वतःच्या मालकीची जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या घराण्यातला शेतकरी. जमिनीच्या वादात सर्वस्व गमावून दरोडेखोर बनलेल्या डून या कुलीन घराण्याने त्याच्या वडिलांना बाजाराहून परतताना ठार मारलेले आहे. चौदा वर्षांचा जॉन ओढ्यात मासे पकडत धबधब्याची निसरडी उतरंड चढून डूनांच्या दरीत पोहोचतो आणि तिथे त्याला आठ वर्षांची लॉर्ना भेटते. पुढे दोघे मोठे होतात, प्रेम जडते, आणि मग कळते की ती डूनांच्या रक्ताची नाहीच. लहानपणी पळवून आणलेली ती एका मोठ्या उमराव घराण्याची वारस आहे. म्हणजे ज्या मुलीशी लग्न करणे आधी शत्रुत्वामुळे अवघड होते, तेच आता मानमरातबामुळे अवघड होते.

गटातल्या एका ज्येष्ठ सदस्यांचा आक्षेप असा होता, की लेखक हा पेच सोडवतच नाही, तो पुसून टाकतो. जॉन लंडनमध्ये लॉर्नाच्या वृद्ध आप्ताला लुटारूंपासून वाचवतो, ते लुटारू नेमके राजालाही हवे असतात, आणि दुसरा जेम्स खूश होऊन या शेतकऱ्याला 'सर' करून टाकतो. तलवारीच्या एका स्पर्शाने दोन स्थळे तोलामोलाची झाली! हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मात्र मूळ ग्रंथात या प्रसंगाभोवती जी थट्टा आहे, म्हणजे जॉनसाठी घाईघाईने जुळवलेले ते कुलचिन्ह आणि स्वतःच्या नव्या पदवीकडे पाहताना त्याला वाटणारा संकोच व लपवता न येणारा आनंद, ती संक्षिप्त आवृत्तीत शिल्लक राहत नाही. तिथे उरते ती केवळ बढती.

माझ्या मते या पुस्तकातला वर्गभेद राजदरबारात शोधू नये, तो स्वयंपाकघरात आणि गोठ्यात शोधावा. लॉर्नाची दासी ग्वेनी कारफॅक्स ही कॉर्नवॉलच्या एका खाणकामगाराची मुलगी. लॉर्नाने लंडनहून जॉनला लिहिलेली पत्रे ही मुलगी परस्पर दडवून ठेवते आणि जाब विचारल्यावर निर्लज्जपणे सांगते, की हा शेतकरी आमच्या बाईसाहेबांपेक्षा खालचा आहे. संपूर्ण कादंबरीत उच्चनीचतेचा सर्वांत कडवा कैवार घेते ती दरबारातली एखादी सरदारीण नव्हे, तर उपाशीपोटी वाढलेली ही पोर. आमच्या गटात या प्रसंगावर जितका वेळ चर्चा झाली तितकी खुद्द लढायांवर झाली नाही, कारण मालकापेक्षा चाकरालाच घराण्याचा अभिमान अधिक असतो हे आपल्याकडे वाड्यावाड्यांतून पाहिलेल्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी व्यक्ती रूथ हकाबॅक. डलव्हर्टनच्या व्यापाऱ्याची ही नात अंगाने लहानखुरी, बुद्धीने तल्लख आणि जॉनवर मनापासून प्रेम करणारी आहे. तिच्या घरी पैसा आहे, दोन्ही घरे नात्यातली आहेत, आणि तिच्या आजोबांनाही हे स्थळ हवे आहे. व्यवहारी माणसाने डोळे मिटून होकार द्यावा असाच हा योग. लग्नाच्या दिवशी ओअरच्या चर्चमध्ये डूनांपैकी मुख्य खलनायक कार्व्हर डून याची गोळी लॉर्नाला लागते, तेव्हा तिला जगवण्यात रूथचाच हात असतो. (शेवट उघड केल्याबद्दल क्षमा मागत नाही, दीडशे वर्षांहून जुने पुस्तक आहे, आणि ज्या खिडकीतून ती गोळी आली म्हणतात, ती त्या चर्चमधली खिडकी पर्यटकांना दाखवलीही जाते.) गटातल्या तिघी जणींचे एकमत होते, की जॉनने चुकीच्या मुलीशी लग्न केले. मला तसे वाटत नाही, पण लेखकाला रूथ जितकी जिवंत साधली आहे तितकी लॉर्ना साधलेली नाही, हे मान्यच करावे लागते. लॉर्ना बरेचदा कोणी वाचवण्याची वाट पाहत असते. ती हसते, रडते, लाजते, आणि जॉन त्याचे वर्णन करताना थकत नाही. आपण थकतो.

आता जमेची बाजू. कथा सांगतो तो म्हातारा झालेला जॉन, आणि त्याचे सांगणे हीच या ग्रंथाची खरी मिळकत आहे. 'मी साधा माणूस' असे म्हणत म्हणत तो आपली ताकद, आपली जमीन आणि आपल्या आईच्या हातचे जेवण यांची अशी बढाई मारतो, की त्याच्या नम्रतेतच त्याचा ताठा दिसू लागतो. १६८३-८४ च्या भयंकर हिवाळ्याची प्रकरणे तर केवळ त्यांच्यासाठी पुस्तक घ्यावे अशी आहेत. बर्फाच्या ढिगाखाली गाडल्या गेलेल्या मेंढ्या कुत्र्याच्या मदतीने शोधून, खणून, एकेक करून घरी आणणारा जॉन, आणि नंतर त्याच बर्फातून जाऊन भुकेने अर्धमेल्या झालेल्या लॉर्नाला व ग्वेनीला बाहेर काढणारा जॉन, ही दोन्ही कामे तो सारख्याच शेतकरी निष्ठेने करतो. दुधावर साय नीट धरण्याची युक्ती दाखवतो असे सांगून धूर्त काउन्सेलर डून जॉनच्या भोळ्या बहिणीकडून, ॲनीकडून, लॉर्नाचा हिऱ्यांचा हार कसा लांबवतो, हे प्रकरण वाचून मी मोठ्याने हसलो.

उत्तरार्धातला एक भाग मात्र रेंगाळतो. ड्यूक ऑफ मॉन्मथने दुसऱ्या जेम्सविरुद्ध केलेले १६८५ चे बंड आणि त्यातली सेजमूरची लढाई यांत जॉन ओढला जातो, त्यातून कथेला फारसे काही मिळत नाही. तेथे पाने चाळली तरी चालतील.

वाचकांच्या मतांचा इतिहासही मजेदार आहे. १८६९ मध्ये तीन खंडांत निघालेली ही कादंबरी प्रथम फारशी खपली नाही. एका खंडातली स्वस्त आवृत्ती निघाल्यावर तिला वाचक मिळाले. १८७१ मध्ये व्हिक्टोरिया राणीची कन्या लुईझ हिने राजघराण्याबाहेरच्या मार्क्विस ऑफ लॉर्नशी विवाह केला, आणि नावाच्या साम्यामुळे लोकांनी पुस्तक उचलून धरले, अशी आख्यायिका तेव्हापासून सांगितली जाते. खरी असो वा नसो, दर्जाची पायरी ओलांडणाऱ्या विवाहाच्या गप्पा घरोघरी चालल्या असताना हे पुस्तक हाती येणे त्याच्या पथ्यावर पडले असणार. टॉमस हार्डी यांनी तर ब्लॅकमोर यांना पत्र लिहून आपली पसंती कळवली होती, आणि शेतशिवाराच्या वर्णनांसाठी हार्डी आवडणाऱ्या वाचकांना ते नवल वाटणार नाही.

विकत घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. मूळ ग्रंथ स्वामित्वहक्कातून कधीच मुक्त झाला असल्यामुळे तो विनामूल्यही मिळतो, पण एक्समूरच्या बोलीतले संवाद अडतात, म्हणून शेवटी शब्दार्थ आणि टिपा दिलेली छापील प्रत घेणे सोयीचे. नोकर जॉन फ्रायची बोली तर डोळ्यांनी वाचून कळत नाही. ती मोठ्याने म्हणावी लागते. आमच्या गटातल्या एकाने ती मालवणी ढंगात वाचून दाखवली आणि तोवर न समजलेला अर्धा विनोद सर्वांना समजला. पहिली पाच-सहा प्रकरणे नेटाने वाचावीत. जॉन तो धबधबा चढू लागला की पुढचे ओझे वाटत नाही. आणि संक्षिप्त आवृत्ती घरात असेल तर ती शाळकरी मुलांसाठी राहू द्यावी, कारण तिच्यात ग्वेनीने दडवलेली ती पत्रे नाहीत.