‘फराळ’ म्हणजे चकली की खिचडी? वर्डप्रेसच्या कॅटेगऱ्या अकरा महिने आवरताना

आईच्या, आजीच्या आणि दोन आत्यांच्या वह्यांमधल्या पाककृती मी २०१९ पासून वर्डप्रेसवर, म्हणजे ब्लॉग चालवायच्या एका साधनावर, टाकते आहे. लेख झाले ३१२. कॅटेगऱ्या, म्हणजे लेखांचे विभाग, झाल्या ५८. हा दुसरा आकडा मला माहीतच नव्हता. टोरांटोतल्या मामेबहिणीने अंगारकीला फोन केला नसता तर अजूनही नसता.

ती म्हणाली, ‘अगं, तुझं ते फराळ उघडलं, तर चकली आली. मला आज उपास आहे!’

चूक तिची नव्हती, माझीही पूर्ण नव्हती. आपल्याकडे ‘फराळाला काय केलंय?’ हे एकादशीलाही विचारतात आणि लक्ष्मीपूजनालाही. मी एकदा दिवाळीच्या धांदलीत ‘फराळ’ नावाची कॅटेगरी काढली आणि पुढे कधीतरी उपवासाच्या मूडमध्ये त्यातच साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी टाकली. शिवाय ‘उपवास’, ‘उपास’, ‘उपवासाचे पदार्थ’ आणि ‘दिवाळी’ या चार कॅटेगऱ्या वेगळ्या होत्याच. त्या फोननंतर आवरायला घेतलं ते आज अकरा महिने चाललंय. कॅटेगरी म्हणजे काय हे सांगणारे लेख भरपूर सापडतात. त्या आवरताना काय होतं ते मात्र मला कुठे नीट मिळालं नाही, म्हणून हे लिहिते.

आधी मूळ दुखणं. लेख लिहिताना उजव्या बाजूच्या पट्टीतच नवी कॅटेगरी काढण्याची सोय आहे. नाव लिहा, बटण दाबा, झाली. ‘अहो, याच नावासारखी अजून एक आहे बरं का’ असं कोणी टोकत नाही. लेख संपवायची घाई असते, यादी खाली सरकवून बघायचा कंटाळा असतो, मग ‘चटणी’ असताना ‘चटण्या’ होते आणि त्यानंतर ‘चटणी-ठेचा’. माझ्या ५८ पैकी १९ कॅटेगऱ्यांमध्ये प्रत्येकी एकच लेख होता. एका बरणीत एकच लिंबाची फोड ठेवावी तसं. आता मी लेख लिहिताना कॅटेगरी काढतच नाही. काढायचीच असेल तर कॅटेगऱ्यांच्या वेगळ्या पानावर जाऊन, यादी डोळ्यांखालून घालून काढते. एवढ्या एका शिस्तीने जे साधलं ते कुठल्या प्लगइनने, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायच्या सोयीने, साधलं नसतं.

माझी मावशी तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होती. तिला फोनवर हा सगळा पसारा वाचून दाखवला तेव्हा ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, ‘पुस्तक कपाटात एकाच फळीवर उभं राहतं, सूचीतली कार्डं मात्र हवी तेवढी करता येतात. तू फळ्याच ५८ केल्यास!’ पुस्तकं लावायच्या दशांश वर्गीकरणात स्वयंपाक ६४१.५ या आकड्याखाली येतो, पुढची फोड त्याच्या पोटात आणि शेजारी. ती ज्यांच्या नावाने शपथ घेते ते ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९३३ साली आलेली त्यांची कोलन पद्धत वेगळ्या वाटेने जाते: विषयाला एका खणात कोंबण्याऐवजी त्याचे पैलू सुटे करून मांडायचे. वस्तू कोणती, क्रिया कोणती, ठिकाण कोणतं, काळ कोणता. पाककृतीला हे इतकं चपखल बसतं की मी वहीच्या पानावर मांडूनच बघितलं. वाल, बिरडं, कोकण, श्रावण. यातल्या फक्त एका गोष्टीची फळी करायची, बाकीच्यांची कार्डं. वर्डप्रेसच्या भाषेत फळी म्हणजे कॅटेगरी आणि कार्ड म्हणजे टॅग. कॅटेगरीला पोटकॅटेगरी असू शकते, टॅग सगळे एका पातळीवर असतात. टॅगची सोय वर्डप्रेसमध्ये २००७ साली आली, त्याआधी २००३ पासून नुसत्या कॅटेगऱ्याच होत्या. माझ्याकडे हे कारणही नव्हतं. मला दोन्ही मिळालं होतं आणि मी दोन्हींचा सारखाच चिवडा केला होता.

फळी कशाची करायची यावर मात्र महिना गेला. मला वाटत होतं प्रांतानुसार करावी: कोकण, देश, खानदेश, वऱ्हाड. ऐकायला भारदस्त. पण रात्री साडेआठला ‘उद्या डब्याला काय’ म्हणून शोधणारी बाई वऱ्हाड उघडत नाही, भाजी उघडते. शेवटी ताटात पदार्थ कुठे बसतो त्यावर आले: न्याहारी, पोळी-भाकरी-भात, भाज्या-आमट्या, मासे-मटण, तोंडीलावणं, गोडधोड आणि साठवणीचं. मिसळणाच्या डब्यात सात वाट्या असतात आणि त्यात वर्षानुवर्षं फोडणी निभते, म्हणून सातवर थांबायचं ठरवलं. प्रांत, सण, ऋतू आणि मुख्य जिन्नस हे टॅग. एका लेखाला एकच कॅटेगरी.

हा नियम तीन आठवडे टिकला. उपवास मी टॅगमध्ये टाकला होता. तत्त्वाला धरून ते बरोबरच होतं, कारण खिचडी ही न्याहारीही असते. पण उपवासाच्या दिवशी माणूस पदार्थ शोधत नाही, परवानगी शोधतो. त्याला जिथे चुकूनही कांदा दिसणार नाही असं पान हवं असतं. म्हणून उपवास ही आठवी वाटी झाली. खिचडी तिकडे गेली, भाजणीचं थालीपीठ न्याहारीत राहिलं, उपवासाच्या भाजणीचं उपवासात. ‘फराळ’ हे नाव मी पूर्णपणे काढून टाकलं. टॅग आहे तो ‘दिवाळीचा फराळ’, असा पूर्ण नावाने.

आता प्रत्यक्ष आवराआवर. दोन कॅटेगऱ्या एकमेकींत मिसळण्याचं बटण वर्डप्रेसमध्ये मुळात नाही. त्यासाठी प्लगइन आहेत, पण मी साध्या मार्गाने केलं आणि तो सांगण्यासारखा आहे. लेखांच्या यादीत जुन्या कॅटेगरीचे लेख गाळून घ्यायचे, सगळ्यांवर खूण करायची, एकगठ्ठा संपादनात जाऊन त्यांना नवी कॅटेगरी जोडायची आणि मग जुनी कॅटेगरी पुसायची. यादीत एका वेळी २० लेख दिसतात. वर कोपऱ्यातल्या स्क्रीन ऑप्शन्समध्ये तो आकडा १०० केला की हात दुखायचे थांबतात.

पुसायचं बटण दाबताना माझा हात थरथरला होता हे कबूल करते. तर, कॅटेगरी पुसली तरी लेख पुसले जात नाहीत. ज्या लेखाला दुसरी कॅटेगरी असते तो तिच्यात राहतो, ज्याला नसते तो मूळ ठरलेल्या कॅटेगरीत जाऊन पडतो. ही मूळ कॅटेगरी पुसताच येत नाही. पण तिचं नाव बदलता येतं, आणि लेखनाच्या सेटिंगमध्ये तिच्या जागी दुसरीही नेमता येते. माझ्याकडे ती कितीतरी दिवस ‘अनकॅटेगराइज्ड’ या इंग्रजी नावाने वाचकांना दिसत होती. आता तिचं नाव ‘फडताळ’. तरीही पुसापुशीआधी बॅकअप घ्याच. मी घेतला होता, म्हणून रात्री झोप लागली.

मराठीत लिहिणाऱ्यांची खरी परीक्षा पुढे आहे, इथे जरा थांबते.

कॅटेगरीला नाव दिलं की वर्डप्रेस त्यावरून पत्त्याचा तुकडा बनवतं, त्याला स्लग म्हणतात. या स्लगला २०० अक्षरांची मर्यादा आहे. इंग्रजीत ती कोणाला जाणवायचीही नाही. देवनागरीचं मात्र प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, वेलांटी आणि हलंतसुद्धा, टक्क्याच्या खुणा असलेल्या नऊ रोमन अक्षर-आकड्यांत साठवलं जातं. म्हणजे साधारण बावीस चिन्हांत गाडी संपली. माझी एक कॅटेगरी होती ‘उन्हाळ्यातील वाळवणाचे पदार्थ’. तिचा पत्ता झाला ‘उन्हाळ्यातील-वाळवणाचे-पद’. पदार्थाचं पद! किती वर्षं ते तसं होतं कोण जाणे. शिवाय हा पत्ता कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की टक्के, ई, शून्य यांची हातभर माळ येते आणि घरचे विचारतात, ‘हे व्हायरस तर नाही ना?’ उपाय सोपा आहे. नाव मराठीतच ठेवा, स्लगच्या रकान्यात रोमन लिपीत एक छोटा शब्द स्वतः लिहा. नाव आणि स्लग वेगवेगळे असू शकतात हे मला चार वर्षं ठाऊक नव्हतं.

दुसरी गंमत टॅगमध्ये सापडली. यादीत ‘भाकऱ्या’ दोनदा दिसत होतं. एकात नऊ लेख, दुसऱ्यात चार. दोन्ही शब्द शेजारी ठेवून भिंग लावून पाहिले, तिळाएवढा फरक नाही. फरक टाइप करण्यात होता. ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकात खाली टिंब असलेला स्वतंत्र ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. संगणकावर माझा कीबोर्ड एक देतो, फोनवरचा दुसरा. आपल्याला भाकरी एकच, यंत्राला दोन. ‘पुऱ्या’, ‘कैऱ्या’, ‘वऱ्याचे तांदूळ’, सगळीकडे हेच. ‘ॲ’चंही तसंच, तो अ-वर चंद्र देऊनही होतो आणि एकसंध चिन्ह म्हणूनही. तेव्हापासून टॅग मी पूर्ण टाइप करत नाही. दोन अक्षरं लिहून खाली येणाऱ्या सुचवणीतूनच निवडते.

पत्ते बदलले की जुने दुवे तुटतात, हा सगळ्यात महाग धडा. लेखाचा स्लग बदलला तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेतं, त्यामुळे मला वाटलं कॅटेगरीचंही तसंच असेल. नसतं. आत्याच्या भिशीच्या ग्रुपवर ‘उपास’चा दुवा वर्षभर पिन करून ठेवलेला होता. श्रावणी सोमवारी सोळा जणींना ‘पान सापडलं नाही’ दिसलं आणि मला सोळा जणींचे फोन आले. त्यानंतर पत्ता वळवणारं एक प्लगइन घातलं आणि पुसलेल्या प्रत्येक कॅटेगरीचा जुना पत्ता हाताने नोंदवला. पुसायच्या आधी सगळे स्लग एका वहीत उतरवून ठेवले असते तर दोन दिवस वाचले असते. माझी यादी बॅकअपमधून खणून काढावी लागली.

याच रांगेतलं अजून एक. लेखाच्या पत्त्यात कॅटेगरी घालायची सोय आहे, ती मी हौसेने घेतली होती. लेखाला दोन कॅटेगऱ्या असल्या की पत्त्यात कोणती येणार हे आपल्याला विचारलं जात नाही, जी आधी तयार झालेली असते ती येते. म्हणून माझी सोलकढी ‘मासे-मटण’च्या पत्त्यावर राहत होती. शाकाहारी शेजीबाईंनी तो दुवा उघडलाच नाही. आता पत्त्यात फक्त लेखाचं नाव.

पोटकॅटेगऱ्यांबद्दल मत बरं आहे. पोटातल्या कॅटेगरीचा लेख वरच्या कॅटेगरीच्या पानावरही आपोआप दिसतो, त्यामुळे दोन्हींवर खूण करावी लागत नाही. माझ्याकडे शाकाहारी, त्यात भाज्या, त्यात पालेभाज्या, त्यात रानभाज्या अशी चार मजली इमारत होती. आता दोन मजले आहेत आणि टाकळा, कुर्डू, शेवळं हे सगळे पालेभाज्यांत ‘रानभाज्या’ असा टॅग लावून गुण्यागोविंदाने नांदतात. (शेवळं पालेभाजी नाही असं मावशी म्हणते. तिच्याशी वाद घालायची माझी तयारी नाही.)

क्रमाचं मात्र नाही जमलं. कॅटेगऱ्यांची आपोआप येणारी यादी नावाप्रमाणे लागते, आपल्या मनाने ओढून वरखाली करता येत नाही. उपवास सगळ्यात वर आणि साठवणीचं सगळ्यात खाली, हे कुठल्याच ताटात बसत नाही. मी ती यादी काढून टाकली आणि मेनूमध्ये आठही नावं हव्या त्या क्रमाने हाताने लावली. मेनू आणि कॅटेगऱ्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मेनूमध्ये नाव वेगळं दाखवलं तरी चालतं. कॅटेगरीच्या वर्णनाचा रकानाही सहसा कोणी भरत नाही. ‘साठवणीचं’मध्ये मी पापड कुठल्या महिन्यात लाटायचे, मसाला कधी कुटायचा, चिकवड्यांना ऊन किती लागतं हे चार परिच्छेदांत लिहिलं. माझ्या थीममध्ये, म्हणजे साइटच्या रूपरचनेत, ते पानाच्या माथ्यावर दिसतं. प्रत्येक थीम दाखवतेच असं नाही, आधी बघून घ्या.

पाचपैकी गुण द्यायचेच तर रचनेला साडेचार, आवरायच्या सोयींना अडीच. देवनागरीच्या बाबतीत गुण देत नाही, ते आपलं आपण सांभाळायचं.

अजून टॅग बाकी आहेत, ६४० होते, २१० पर्यंत आलेत. ‘कैरी’ आणि ‘कच्चा आंबा’ या आठवड्यात एक केले. फडताळात सहा लेख उरलेत. त्यातला एक तांब्याची भांडी चिंच-मिठाने घासण्यावर आहे. तो कुठल्याच ताटात बसत नाही, आणि सगळ्यात जास्त निरोप त्याच्यावरच येतात. मावशीला विचारलं तर म्हणाली, ‘राहू दे तिथेच. आमच्या वाचनालयातही दाराजवळ एक टेबल होतंच.’