पाच वर्षांचं सिरॅमिक तीन धुण्यांत गेलं

सोमवारी सकाळी मानपाड्याच्या सिग्नलला गाडी थांबली, डावीकडून ऊन थेट बॉनेटवर आलं आणि मला माझ्याच गाडीवर तेलाचे ओघळ फिरताना दिसले. गाडी पुढे सरकली की तेही सरकायचे. आदल्याच दिवशी सात हजार रुपये मोजून ‘नाइन एच सिरॅमिक कोटिंग’, म्हणजे रंगावर चढवायचा संरक्षक थर, करून घेतलं होतं, म्हणून क्षणभर वाटलं, हीच ती काचेसारखी चमक असावी. शेजारी मेव्हणा बसला होता. तो एकेकाळी वर्षभर बॉडीशॉपमध्ये काम करून आलाय. खिडकीतून मान बाहेर काढून त्याने नीट पाहिलं आणि म्हणाला, “दाजी, हे कोटिंग नाही. हे पॉलिश मशीनचे वळ आहेत.”

घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला गाडीच्या धुळीबद्दल वेगळं सांगायला नको. मेट्रोचं काम, डंपर, चारी बाजूंनी उठणाऱ्या इमारती. त्यात सोसायटीत टँकरचं पाणी. ते गाडीवर वाळलं की पांढरे ठिपके सोडतं. माझी गाडी २०१९ ची, गडद निळ्या रंगाची. रोज पहाटे गाड्या पुसणारा येतो, एकच बादली आणि एकच फडका घेऊन पंचवीस गाड्या उरकतो. पहिल्या गाडीची वाळू पंचविसाव्या गाडीवर घासली जाणारच. त्यामुळे उन्हात पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसायचे. ते मला खुपत होते आणि स्वतः पाणी-साबण घेऊन खाली उतरायचा कंटाळा होता. फसवणाऱ्याला एवढं पुरतं.

मे महिन्याच्या शेवटी, एका रविवारी, गेटच्या आत छत्री टाकून तीन पोरं बसली. इस्त्रीचे टी-शर्ट, लॅमिनेट केलेलं रेटकार्ड, टेबलावर मखमली कापडावर मांडलेल्या काचेच्या बाटल्या. ‘पावसाळ्याआधी, फक्त या सोसायटीसाठी’ असा बोर्ड. कमिटीने परवानगी दिली होती, म्हणजे कोणीतरी चौकशी केली असेल असं मी धरून चाललो. नंतर सेक्रेटरी काकांना विचारलं तेव्हा कळलं की चौकशी एवढीच झाली होती, की स्टॉलचे दोन हजार आधी द्याल की नंतर.

त्यांचा म्होरक्या गोड बोलायचा. “सर, तुम्ही पैसे नंतर द्या, आधी डेमो बघा.” एका गाडीच्या बॉनेटवर मधोमध टेप लावून त्याने अर्ध्या भागावर हात फिरवला, टेप काढली आणि पाण्याचा फवारा मारला. एका बाजूला पाणी पसरलं, दुसऱ्या बाजूला मोत्यांसारखे थेंब होऊन घरंगळलं. टाळ्या वाजायच्याच बाकी होत्या. असे थेंब साध्या मेणानेही होतात, डॅशबोर्डला लावायच्या सिलिकॉन स्प्रेनेही होतात. पाणी घरंगळणं म्हणजे वर काहीतरी निसरडं लावलंय, बस. ते काय आहे आणि किती दिवस टिकणार, हे थेंब सांगत नाहीत. पण तेव्हा मी थेंबच बघत होतो.

त्याचा दुसरा डाव मला अजूनही आवडतो, म्हणजे कारागिरी म्हणून. त्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचा मीटर होता. काम सुरू करण्याआधी त्याने बॉनेटवर टेकवला: १०४ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मला फोटो काढायला लावला. काम झाल्यावर पुन्हा टेकवला: ११९. “बघा सर, पंधरा मायक्रॉनचं कवच चढलं.” मीटर खरा, आकडा खरा, फोटो माझ्या मोबाइलमधला. यावर कोण काय बोलणार?

आता जे कळलंय ते सांगतो. खरं सिरॅमिक कोटिंग हे सिलिकावर आधारित द्रावण असतं आणि वाळल्यावर त्याचा थर साधारण एक-दोन मायक्रॉनचा राहतो. पूर्ण गाडीला ३० ते ५० मिलिलिटरची बाटली पुरते, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. त्यातून पंधरा मायक्रॉन येणार कुठून? शिवाय एकाच बॉनेटवर चार बोटं इकडेतिकडे मीटर टेकवला तर दहा-पंधराचा फरक कंपनीच्या मूळ रंगातही सापडू शकतो. माझे दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले: पहिला वायपरच्या नोझलजवळचा, दुसरा पार खाली, ग्रिलच्या दिशेने. मला पुरावा म्हणून दिलेली गोष्टच फसवणूक होती.

आणि ‘नाइन एच’! मला वाटलं हिऱ्याच्या कडकपणाच्या पट्टीवर नऊ. ती खनिजांची मोस (Mohs) पट्टी वेगळी. नाइन एच ही पेन्सिलची पट्टी आहे. शाळेत एचबी वापरायचो ना, तीच. ठरावीक दाब देऊन पेन्सिल फिरवतात आणि कोणत्या पेन्सिलीने चरा पडतो ते बघतात. वाळूचा कण पेन्सिलीपेक्षा खूप कडक असतो. त्यामुळे चांगलं, महागडं कोटिंगसुद्धा दगडाचा टवका थांबवत नाही आणि घाणेरड्या फडक्याचे चरेही पूर्ण थांबवत नाही. धूळ कमी चिकटते, धुणं सोपं जातं, उन्हाचा आणि पक्ष्याच्या शिटेचा मारा थोडा सोसतं, हेच त्याचं काम. दगडासाठी जाड पॉलियुरेथेनची फिल्म असते, तिचा खर्चही वेगळा.

काम कसं झालं तेही ऐका. जागा त्यांनी निवडली: स्टिल्ट पार्किंगमधला ट्यूबलाइटखालचा कोपरा. मी म्हटलं, बरंय, सावलीत काम होईल. सावली हवीच असते, पण तिथे पसरट उजेडात चरे दिसत नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. खरं काम करणारा माणूस टॉर्च तिरका धरून प्रत्येक पत्रा बघत बसतो. यांच्याकडे टॉर्चच नव्हता.

गाडी एकदा धुतली आणि लगेच रोटरी मशीनला लोकरीचं पॅड लावून रबिंग, म्हणजे घासून पॉलिश, सुरू. चिकटलेला मळ ओढून काढणारी वडी, क्ले बार, फिरवली नाही, रंगात रुतलेले लोखंडी कण काढले नाहीत, कडांना आणि काळ्या प्लॅस्टिकला टेप लावली नाही. रोटरी मशीन चांगल्या हातात उत्तम असतं, पण ते एकाच अक्षावर गोल फिरतं, एका जागी रेंगाळलं की पत्रा तापतो, आणि बॉनेटच्या दुमडीवर, कडेवर रंग आधीच पातळ असतो. पोरगा विशीतला होता आणि एका हाताने मोबाइल बघत होता. मी वर चहा प्यायला गेलो. ही माझी चूक.

परत आलो तेव्हा अलॉय चाकांचं काम चालू होतं. बिनलेबलच्या बाटलीतून काहीतरी फवारत होते. नाकाला झोंबलं, ठसका लागला. चाकावरून ओघळलेलं पाणी खाली सिमेंटच्या कोब्यावर पडलं तिथे फसफसून फेस आला. मी दहावीपर्यंत विज्ञान शिकलेला माणूस. सिमेंटवर फेस येतो म्हणजे आम्ल आहे, हे मला तिथल्या तिथे कळायला हवं होतं. मी म्हणालो, “वा, काय मळ निघतोय!” ब्रेकची धूळ काढायला जे बिनआम्लाचं औषध मिळतं ते चाकावर जांभळं होतं आणि सडक्या अंड्यासारखा वास मारतं, लोखंडाशी त्याची क्रिया झाल्याची ती खूण. इथे जांभळं काही दिसलं नाही. बाथरूमच्या फरशा साफ करायचं ॲसिड असावं असा मेव्हण्याचा अंदाज.

मग ‘कोटिंग’. स्पंजावर ओतायचं, पुसायचं, पुढे चला. खरं कोटिंग लावण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा पुसून पॉलिशचं तेल काढावं लागतं, मग हातभर जागेत लावून त्यावर इंद्रधनुष्यासारखी झाक यायची वाट बघून पुसावं लागतं. नंतर निदान रात्रभर पाणी लागू द्यायचं नाही. यांची सगळी गाडी, पॉलिशसकट, पावणेतीन तासांत तयार. नंतर ज्या दोन-तीन ठिकाणी मी चौकशी केली, त्यांनी माझ्या गाडीला दोन ते तीन दिवस आणि अठरा ते तीस हजार सांगितले. सात हजारांत तेच काम होत असतं तर ते मूर्ख असते.

जाताना म्होरक्या म्हणाला, “सर, सात दिवस गाडी धुवायची नाही. कोटिंग क्युअर होतंय, पक्कं बसतंय.” हा सल्ला अगदी खरा आहे, सगळेच देतात. पण त्या सात दिवसांत त्यांना पुढच्या दोन सोसायट्या उरकता येतात, हे माझ्या डोक्यात आलं नाही. सोमवारी सिग्नलवरून फोन केला तर तेच उत्तर: वळ दिसतायत ना, ते क्युअर होतंय, आठवड्यात बसेल. पांढरे ठिपके? तेही क्युअर. मी गप्प बसलो, कारण ऐकायला तेच हवं होतं.

आठवड्यानंतर पहिलं धुणं झालं तेव्हा थेंब बनत होते. दुसऱ्याला कमी. तिसऱ्या वेळी पहाटे गाड्या पुसणाऱ्यानेच वर बेल वाजवून सांगितलं, “साहब, पानी फिरसे चिपक रहा है.” गाडीची माझ्यापेक्षा त्यालाच जास्त माहिती. चमकेच्या तेलाखाली दडलेले जुने चरे परत वर आले होते, त्यावर मशीनचे नवे वळ, आणि बॉनेटच्या डाव्या दुमडीवर पाच रुपयांच्या नाण्याएवढा करडा चट्टा. तो मी धुळीचा डाग समजून नखाने खरवडला. तो प्रायमर होता, रंगाखालचं अस्तर.

सात हजार गेले ते गेले. खरी हानी वेगळीच आहे. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाच्या केसापेक्षा पातळ. उन्हाला अडवणारे घटक त्यातच असतात. दर वेळी रबिंग केलं की त्यातला थोडा कायमचा जातो, आणि कुठल्याही बाटलीने तो परत भरत नाही. मेव्हण्याच्या ओळखीच्या एका पेंटरने कापूरबावडीला त्याच्या मीटरने मोजून दिलं. दारं ११० च्या आसपास. नोझलजवळ, जिथे त्या पोराने १०४ दाखवलं होतं, तिथे आता ९३. मीटरचा थोडाफार फरक धरा, तरी कवच चढलं म्हणणाऱ्यांनी प्रत्यक्षात कवच काढून नेलं होतं. अलॉयवरही चकचकीत भागात लॅकरखाली पांढऱ्या धाग्यांसारखी बुरशी दिसायला लागलीय. ती बुरशी नाही, ॲल्युमिनियम गंजतंय.

नंबर तोपर्यंत बंद झाला होता. कार्डावर पत्ता होता ‘वागळे इस्टेट, ठाणे पश्चिम’. वागळे इस्टेटमध्ये रोड नंबर नसलेला पत्ता म्हणजे पत्ता नाहीच, हे मला, ठाण्यातल्याच माणसाला, दुसऱ्याने सांगावं लागलं. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यावर गेले होते, धंद्याच्या नाही. बिलावर जीएसटी नंबर छापलेला होता म्हणून थोडी आशा होती. तो नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ ने होते. माझ्या बिलावरचा चौदा अक्षरांचा होता. जीएसटीच्या पोर्टलवर कोणालाही नंबर टाकून बघता येतो, दोन मिनिटंही लागत नाहीत. ती दोन मिनिटं मी पैसे देऊन महिना उलटल्यावर काढली.

पाच वर्षांच्या वॉरंटीचं कार्ड मागे उलटून वाचलं ते तेव्हाच. दर तीन महिन्यांनी ‘अधिकृत केंद्रात’ पंधराशेचं मेंटेनन्स सक्तीचं, नाहीतर वॉरंटी रद्द. केंद्राचा पत्ता कार्डावर कुठेच नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला. पलीकडची बाई सौजन्याने बोलली, तक्रार नोंदवून घेतली, पण समोरच्याचं नाव-पत्ता काय, या प्रश्नावर मी अडकलो. जिल्हा ग्राहक आयोगात मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर दाव्याला फी नसते आणि दोन वर्षांची मुदत असते, हे तिथूनच समजलं. दावा लावायला प्रतिवादी मात्र हवा. ती छत्री उभी असताना एकाच्या तरी आधार कार्डाचा फोटो कमिटीने घेतला असता तर गोष्ट वेगळी होती. आता कमिटीने तो नियम केलाय. स्टॉलचं भाडंही तीन हजार केलंय.

आमच्या सोसायटीत त्या दिवशी अकरा गाड्या झाल्या. ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं तेव्हा चौघांनी होकार भरला, बाकीचे गप्प. दोन पांढऱ्या गाडीवाल्यांना तर आजही वाटतं काम छान झालं. पांढऱ्यावर चरे दिसत नाहीत, त्यात त्यांचं सुख.

मी आता रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत स्वतः खाली उतरतो. दोन बादल्या: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत फडका खळखळायला साधं. चाकांसाठी तिसरी बादली आणि वेगळं फडकं, आणि चाकं गार असतानाच. वरून खाली धुवायचं, टँकरचं पाणी वाळू न देता जाड मायक्रोफायबरने टिपायचं. पहाटेच्या पोराचा पगार चालू आहे. त्याला सांगितलंय, काचा आणि आतलं पूस, रंगाला हात लावू नकोस. पहिले दोन रविवार कंबर दुखली. महिन्यातून एकदा डब्यातलं मेण हाताने लावतो, चारशे-साडेचारशेचा डबा वर्षभर जातो. पाणी त्यावरही मोत्यांसारखंच घरंगळतं.

बॉनेट पुन्हा रंगवायचे पेंटरने साडेपाच हजार सांगितलेत. शेड जुळेलच याची खात्री तो देत नाही, आणि तसं तो तोंडावर बोलला म्हणून काम त्यालाच द्यायचं ठरवलंय. पाऊस संपल्यावर. तोवर त्या करड्या चट्ट्यावर मेणाचा एक हात जास्त मारतो.