मिसप्रिंट नोट की नुसती खराब झालेली: ठेवायची की बँकेत द्यायची?

बेळगावच्या खडेबाजारात किंवा निपाणीच्या आठवडी बाजारात सुट्या पैशांत एखादी विचित्र नोट हाती येते आणि "मिसप्रिंट आहे, जपून ठेवा" असं सांगणाराही भेटतो. ठेवावी की बदलून घ्यावी हे ठरवताना मी एकच गोष्ट पाहतो: दोष नोट छापखान्यातून बाहेर पडण्याआधीचा आहे की नंतरचा? आधी पार्श्वभूमीचे रंग, मग उठावाची छपाई, त्यानंतर क्रमांक आणि शेवटी कटाई, असा छपाईचा क्रम असतो. खरी चूक या क्रमात कुठेतरी बसतेच.

सर्वांत खात्रीची खूण घडीची. छपाईआधीच कागदाला चुणी पडली असेल, तर ती उलगडल्यावर मधे कोरी पट्टी दिसते. मागच्या भाषापट्ट्यात कन्नडची ओळ किंवा मराठीची ओळ अशा पट्टीने तुटली असेल, तर नीट पाहा. अक्षराचा अर्धा भाग पट्टीच्या अलीकडे आणि उरलेला पलीकडे सापडला, म्हणजे काहीच हरवलं नसेल, तर ती छपाईची चूक. अक्षराचा तुकडाच गायब असेल, तर शाई नंतर खरवडली गेली आहे. पट्टी उभी असेल तर मोजपट्टी लावा. नव्या पाचशेची लांबी 150 मिमी असते. चुणी कटाईपर्यंत तशीच राहिली असेल, तर उलगडलेली नोट पट्टीच्या रुंदीएवढी जास्त भरते. हे घरी करता येत नाही, म्हणून अशा नोटेला मी सर्वाधिक किंमत देतो.

क्रमांक नसलेल्या नोटेत फसगत जास्त. क्रमांकाची शाई अतिनील दिव्याखाली चमकते, म्हणून खोडलेल्या जागीही पुष्कळदा तिचा अंश दिसतो. भिंगाखाली कागदाचे तंतू उभे राहिलेले दिसले तर नोट सरळ परत करा.

कडा सरकलेल्या नोटेत एका बाजूला शेजारच्या नोटेचा तुकडा दिसायला हवा. एक कड अरुंद आणि नोटच लहान असेल, तर ती कात्रीची करामत.

"रंगच चुकलाय" म्हणून दाखवतात, त्या नोटा बहुतेक भिजलेल्या किंवा रसायनात बुडवलेल्या असतात. 2019च्या महापुरानंतर आपल्या चिक्कोडी-निपाणी पट्ट्यात डागाळलेल्या नोटा कमी नव्हत्या. जलचिन्हाच्या कोऱ्या जागेतही तोच रंग मुरलेला असेल, तर तो डाग समजा. क्रमांकात तारा असलेली नोटही चूक नव्हे. सदोष नोटेच्या जागी बदली म्हणून ती छापतात.

परीक्षेत नापास झालेली नोट बँकेत द्या. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा निम्म्याहून जास्त असेल तर पूर्ण पैसे मिळतात. पन्नास आणि त्यापुढच्या नोटेला 80 टक्क्यांहून अधिक भाग असेल तर पूर्ण, 40 ते 80 टक्के असेल तर निम्मे. त्याहून कमी असेल तर काही नाही.

विकत घेताना मात्र निर्दयपणे वागा: विक्रेता नोट हातात देऊन मोजू देत नसेल, तर व्यवहार सोडा. खरी निघाली तर इस्त्री करू नका, धुऊ नका, चिकटपट्टी लावू नका, आणि चुणी तिच्या मूळ रेषेवरच राहू द्या.